मागचा बोळ

डंपरचा मागचा पत्रा उघडला आणि सगळा राडारोडा एकदम दारासमोर येऊन पडला. फुटक्या विटा, काँक्रीटची ढेकळे, फरशांचे तुकडे, मध्येच एका बेसिनचा अर्धा काठ. धूळ खाली बसायच्या आत दादाने केबिनमधून उडी मारली.

"घ्या," तो हात झटकत म्हणाला. "आता येऊ दे म्हणावं पाणी."

आई नाकावर हात धरून उंबऱ्यात उभी होती. "घरात माणसं राहतात हे ध्यानात आहे ना? अंगावर ओतायचं तेवढं राहिलं."

गेल्या पावसाळ्यात गल्लीत पाणी शिरले ते पलंगाच्या फळीला येऊन टेकले होते. ओसरल्यावर भिंतीवर एक तपकिरी रेघ राहिली. वरून चुना मारला तरी काही दिवसांनी ती पुन्हा डोके वर काढी. तेव्हापासून दादाच्या मनाने एकच घेतले होते: घराचे जोते उचलायचे. गल्लीतल्या बहुतेकांनी आपापली जोती उचलली होती, आणि ती उचलून दिली होती बाबांनीच. बाबा गवंडी, गल्ली त्यांना मिस्त्री म्हणे. मिस्त्रींना स्वतःच्या घराच्या कामाला मात्र कधी वार सापडला नव्हता. आता दादाने भराव आणून टाकला होता आणि पावसाळा तोंडावर होता.

त्याच सकाळी दादाची धाकटी बहीण विद्यापीठातून आली होती. गावे भराभर वाढतात, उतारावर इमारती चढतात आणि मग पाणी आले की माणसे तग कशी धरतात, यावर तिचा प्रबंध चालू होता. पदवी मिळायची होती, पण गल्लीने तिला डॉक्टरीण म्हणायला केव्हाच सुरुवात केली होती.

"भरायच्या आधी एकदा पातळ्या घेऊ दे," ती म्हणाली आणि पिशवीतून पारदर्शक नळीचे वेटोळे काढले.

दादा हसला. "इतकी वर्षं शिकलीस आणि आणलीस काय, तर बाबांचीच नळी?"

"पातळी बघायचं यंत्र आहे विद्यापीठात. पण या टोकाहून त्या टोकाला बघायचं तर मध्ये तुझा डंपर."

बाबांनी नळी हातात घेतली. बादलीत एक टोक बुडवून त्यांनी पाणी ओढून घेतले आणि नळीवर टिचक्या मारत बुडबुडे वर काढले. तीही दुसऱ्या टोकाकडून टिचक्या मारत आली. दोघांच्या टिचक्या मध्ये कुठेतरी भेटल्या. मग बाबा गल्लीच्या वरच्या तोंडाला गेले, ती खाली, आणि भिंतीभिंतीवरून एकमेकांना हाका सुरू झाल्या.

"थांब... अजून हलतंय... हां, मार खूण."

"मारली. पुढच्या दाराला चला."

माणसे दारादारांतून बघू लागली. "काय गं डॉक्टरीण, कालपासून अंगात कणकण आहे. गोळी देतेस का?"

"काकू, मी त्यातली डॉक्टर नाही."

"मग कशातली?"

"पाण्यातली."

"अगं बाई! पाण्यालाही ताप येतो?"

सगळ्यात खालचे घर मशीनमावशीचे, मिस्त्रींच्या घराला लागून. तिच्या पलीकडे नाला. मावशी एकटी राहायची आणि घरात शिवणकाम करायची. गळ्यात टेप लोंबत होती, दातांत दोरा.

"ये, पण सांभाळून," मावशी म्हणाली. "पाय मोडशील."

तिच्या घरात जायला एक पायरी खाली उतरावे लागत होते. डॉक्टरीण लहानपणी कपडे द्यायला यायची तेव्हा इथे चढावे लागे, हे तिला पाय खाली टेकवतानाच आठवले. ती उंबऱ्यात तशीच उभी राहिली. हातातल्या नळीतले पाणी हेलकावे खात होते.

"काय झालं?" पलीकडून बाबा ओरडले. "धर की नीट!"

"धरलंय," ती म्हणाली आणि नळी भिंतीला टेकवली. पाणी स्थिर होऊन जिथे थांबले, म्हणजे बाबांच्या टोकाच्या जोत्याची पातळी, ती जागा मावशीच्या खांद्याच्याही वर होती.

*

संध्याकाळी तिने कागद जमिनीवर पसरला. वहिनी भात वाढत होती. दादा ताट घेऊन कागदाच्या कडेलाच बसला.

"हा रस्ता," ती म्हणाली. "दर वेळी जुना न उखडता वरूनच काँक्रीट टाकलं, म्हणून तो उचलत गेला. रस्ता वर गेला म्हणून घरं वर गेली. शेजारचं वर गेलं म्हणून त्याच्या शेजारचं. वरच्या उतारावर पूर्वी माती होती, ती पाणी पिऊन टाकायची. आता तिथे इमारती आणि फरशी. पडेल तो थेंब खाली. आणि इथे प्रत्येक जण आपलं पाणी शेजाऱ्याला देतोय."

"म्हणून तर आपण भरतोय," दादा म्हणाला. "आपणच का खाली राहायचं?"

"आपण भरलं की आपल्या वाटचं मावशीच्या घरात जाईल. तिच्यानंतर कुणी नाही."

"तिनंही भरावं."

"छताला डोकं लागेल तिचं. तिला नवं घर बांधावं लागेल, दादा."

बाबा जेवायचे थांबले होते. गल्लीतले एकेक जोते त्यांच्या हातचे होते. कोणत्या घराला किती थर घेतले हे ते कागद न बघता सांगू शकले असते. ते कागदाकडे बघतच नव्हते.

डॉक्टरीणही त्यांच्याकडे बघत नव्हती. तिच्या छापून आलेल्या एका प्रकरणात बाबांचा फोटो होता. नव्या जोत्यावर थापी घेऊन उभे असलेले. लोक स्वतःच्या बळावर पुराशी कसा सामना करतात याचे उदाहरण म्हणून ती गल्ली तिने अभिमानाने दाखवली होती. तेव्हा तिने घरे मोजली होती, एकेक करून. मधली वाट मोजली नव्हती.

"मग करायचं काय?" वहिनीने विचारले. "वरच्या इमारती तर कुणी पाडणार नाही."

"घरांच्या मागे बोळ होता ना? नाल्यापर्यंत जाणारा. उतार अजून त्याचाच सगळ्यात चांगला आहे. तो पुन्हा मोकळा करायचा."

बोळ म्हणजे आता नावाचाच. कुणी मागे टाकी बसवली होती, कुणी जिना घेतला होता, कुणी कोंबड्यांचे खुराडे. मशीनमावशीची न्हाणी त्यातच होती. आणि मिस्त्रींच्या घराचे स्वयंपाकघर.

आमटी वाढणाऱ्या आईचा हात थांबला. "पुढे बोल," ती म्हणाली.

"पुढे काही नाही. मी फक्त कुठे काय आहे ते सांगितलं."

"अस्सं," आई म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवले, जरा जोरात.

सकाळी प्रबंधाच्या गाईडबाईंचा फोन आला. डॉक्टरीण राडारोड्याच्या ढिगावर चढून बोलत होती, कारण घरात आवाज तुटत होता.

"हे आपण छापलंय त्याच्या उलट जातंय," बाई म्हणाल्या.

"उलटच आहे, मॅडम."

"ठीक आहे, तसं लिही. पण एक लक्षात ठेव. पावसाळाभर तिथे काय होतं ते बघणं हे तुझं काम. तू बोळ उघडायला लागलीस तर जे मोजायचं तेच बदलून जाईल. मग तुझं तिसरं प्रकरण गेलं. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

ढिगावरून तिला मावशीच्या घराचे छप्पर दिसत होते, पत्र्यावर वाळत घातलेले अस्तराचे कापड. "मॅडम, पाणी तिथे किती येईल हे मला आता माहीत आहे," ती म्हणाली. "ते येईपर्यंत थांबून लिहून घेणं मला जमणार नाही."

"तिसऱ्या प्रकरणासाठी दुसरी गल्ली शोध," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण त्यांनी फोन लगेच ठेवला.

*

गल्लीच्या वरच्या तोंडाला किराणा दुकान होते. दुकानदार काकांच्या फळीसमोर संध्याकाळी माणसे जमत, म्हणून तिने तिथेच कागद भिंतीला चिकटवला आणि सांगितले. तिने साध्या शब्दांत सांगितले आणि लोकांनी मधेमधे मान हलवली, त्यामुळे तिला वाटले की पटते आहे.

"म्हणजे माझा जिना पाडायचा?" एकाने विचारले.

"जिना पाडायचा नाही. खालून मोकळा करायचा. खांबांवर घ्यायचा."

"आणि खुराडं?"

"हलवायचं."

"कोंबड्यांना विचारलंस का?" मागून कुणीतरी म्हणाले आणि हशा पिकला.

दुकानदार काका तराजूतली डाळ पिशवीत ओतत होते. ते हसले नाहीत. "एक सांगा डॉक्टरीणबाई," ते सावकाश म्हणाले. "या गल्लीतली सगळी जोती तुमच्या वडिलांनी उचलली. कामं घेतली. आता तुम्ही येऊन सांगता, चुकलं. उद्या तुमचं पुस्तक पुरं होईल, तुम्ही जाल. आम्ही पाडून बसायचं. तुमच्या घराच्या मागे काय आहे हो?"

"स्वयंपाकघर."

"बोळातच ना?"

"हो."

"मग आधी ते पाडा. नंतर कागद चिकटवा."

माणसे तिच्याकडे बघत होती. बाबा गर्दीच्या कडेला उभे होते, हात मागे बांधून. दुकानात खिळे घ्यायला आलेला माणूस उभा राहतो तसे. त्यांची मान खाली होती.

"पाडू," ती म्हणाली.

"कधी?"

"उद्या."

घरी येईपर्यंत बातमी तिच्या पुढे पोचली होती. दादा दारातच उभा. "घर तुझ्या एकटीचं आहे का? सुट्टीत चार दिवस यायचं आणि लोकांसमोर घर पाडायचा शब्द द्यायचा! आणि ऐक, तूच म्हणालीस की बोळ खालून वर मोकळा करायला हवा. मावशीचं झालं नाही आणि आपलं पाडलं, तर वरचं सगळं पाणी येऊन कुठे थांबेल?"

"आपल्यात," ती म्हणाली.

"तोंडानं सांगतेय बघा! आपल्यात!"

आई स्वयंपाकघरात होती. ती खोली बाबांनी तिच्यासाठी बांधली होती, आईने त्यांच्या हाताखाली घमेली वाहणे सोडले त्या वर्षी. ओटा तिच्या कंबरेच्या मापाने घेतला होता, कारण वाकले की तिचे गुडघे बोलत. खिडकीही तिने दाखवली तिथे, शेगडीसमोर. डॉक्टरीण दाराशी उभी राहिली.

"मला न विचारता शब्द दिलास," आई पाठमोरीच म्हणाली.

"हो."

"शब्द परत घेता येतो."

"येतो. पण मग कुणीच पाडणार नाही."

आईने शेगडी बंद केली. "आणि पाडलंच नाही, दादा म्हणतो तसं भरून घेतलं, तर मशीनमावशीच्या घरात पाणी किती?"

"मशीनवर बसलेल्या माणसाच्या गळ्याशी."

"गळ्याशी," आई म्हणाली. ती ओट्यावरून हात फिरवत राहिली. मग फडक्याने ओटा पुसला, जिथे काहीच सांडले नव्हते तिथेसुद्धा.

सकाळी डॉक्टरीण उठली तेव्हा आई स्टुलावर चढून फळीवरचे डबे खाली काढत होती. वहिनी ते झेलत होती.

"आईसाहेब, खाली उतरा, मी काढते," वहिनी म्हणत होती.

"तू झेल. आणि तुझ्या नवऱ्याला उठव. पाडायचंच आहे तर आज पाडा. उद्या माझं मन फिरलं तर मला सांगायला येऊ नका."

*

बाबांनी पहिला घाव घातला तो भिंतीच्या कोपऱ्यात. वीट हलली नाही. त्यांनी घण बाजूला ठेवून छिन्नी घेतली आणि विटांमधली दरज उकरायला लागले.

"माल चांगला घातलाय कुणीतरी," दादा म्हणाला. त्याने कपाळाला फडके बांधले होते आणि चेहरा अजून फुगलेलाच होता. पण घण त्याने उचलला होता.

"मेला कोण गवंडी होता कुणास ठाऊक," आई म्हणाली. "पाडणाऱ्याचा विचार म्हणून केला नाही."

बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे त्यांना ठसकाच लागला.

पत्रे उतरले, मग खिडकीची चौकट. भिंत वरून खाली थराथराने आली. डॉक्टरीण घमेली भरून पुढे नेत होती. दुपारपर्यंत तिच्या तळव्यांना फोड आले आणि फुटले. दुकानदार काका एकदा येऊन बघून गेले. वाकून ओट्याची पडलेली फरशी बाजूला सरकवून गेले. ओटा आईने बघितला नाही. तो पाडायच्या वेळी ती पुढच्या दारात जाऊन तांदूळ निवडत बसली.

खोलीचा बोळातला अर्धा भाग गेला. घराला लागून असलेला अर्धा भाग राहिला, एक बाजू उघडी. मग डॉक्टरीण हात धुऊन मशीनमावशीकडे गेली.

मावशीने मशीन थांबवले नाही. "नाही," ती म्हणाली.

"मावशी, मी अजून काही—"

"न्हाणी ना? नाही पाडायची." तिने कापड फिरवले, टाके पुढे गेले. "तू लहान होतीस, तुला ठाऊक नाही. इथे न्हाणी नव्हती तेव्हा मी अंधार असताना बादली घेऊन नाल्यावरच्या नळाला जायची. वाटेत बाकडं होतं. बाकड्यावर चार टवाळ असायचे. पाऊस असो, ताप असो. एक एक वीट जमवून बांधून घेतली. तुझ्याच बापाने बांधली. आता तुझ्या पाण्याला वाट हवी म्हणून मी पुन्हा बादली घेऊन निघू?"

"पण पाणी तुमच्याच घरात येणार आहे."

"ते येतं आणि जातं. अंघोळ रोजची आहे." मावशीने पायडल थांबवले. "आण बघू तुझा कागद."

डॉक्टरिणीने दाखवला. मावशीने चष्मा वर करून बोट फिरवत आपले घर शोधले. घरामागे एक काळा चौकोन होता आणि त्यावर बारीक अक्षरांत लिहिले होते.

"अडथळा," मावशीने वाचले. तिने कागद परत दिला. "बरं. मग अडथळ्याला विचारायला कशाला आलीस?"

मशीन पुन्हा सुरू झाले. त्या आवाजात डॉक्टरीण पायरी चढून बाहेर आली.

*

काही दिवस असेच गेले. वहिनी पुढच्या खोलीत खाली बसून स्वयंपाक करी, धूर आणि वाफ सगळ्यांच्या कपड्यांत. आईला जमिनीवर बसवत नसे, म्हणून ती खुर्चीवर बसून सूचना देई आणि वहिनी त्या ऐकू न आल्यासारखे करी. वरच्या अंगाची माणसे येऊन पाडलेली जागा बघत, मग खाली मावशीच्या न्हाणीकडे बघत, आणि परत जात. आभाळ दुपारनंतर भरून येई, वारा सुटे आणि ते पुन्हा पांगे. प्रत्येक वेळी दादा आभाळाकडे आणि मग बहिणीकडे बघे.

"तळं होणार आहे आपल्याकडे," तो म्हणे. "बदकं आणून ठेवतो."

ती रोज मावशीकडे जात होती. आता कागद नेत नव्हती. काजे करून देत होती, बटणे लावत होती. न्हाणीचा विषय काढत नव्हती. एकदा मावशीनेच विचारले, "तुझ्या कागदावर ते अजून तसंच लिहिलंय का?"

"नाही. आता 'मावशीची न्हाणी' लिहिलंय."

"मोठी सुधारणा झाली," मावशी म्हणाली, पण चहाचा कप तिच्या पुढे सरकवला.

त्याच दुपारी आई काठी टेकत मावशीकडे आली. गुडघ्यांमुळे ती गल्लीत फारशी उतरत नसे. तिला बघून मावशी मशीनवरून उठलीच.

"बसायला आले नाही," आई म्हणाली. "माझी अर्धी खोली उरली आहे. तुझ्या भिंतीला लागून. तिथे न्हाणी बांधली, दार तुझ्या बाजूला काढलं, तर चालेल?"

मावशी बघत राहिली. "तुमच्या घरात?"

"घरात नाही. भिंत घालून देतील. माझ्या बाजूला दार नाही, खिडकी नाही. तुझी ती तुझी."

"आणि तुम्ही रांधणार कुठे?"

"ते आमचं आम्ही बघू. उभं राहायला एवढीशी जागा लागते."

दादाने हे ऐकले तेव्हा तो जेवता जेवता उठला. "आई, ती जागा आपली आहे!"

"म्हणूनच देतेय. दुसऱ्याची कशी देणार?"

"कायमची? कोर्टात गेली तर तिची होईल ती."

"तिचीच करायची आहे," आई म्हणाली. "बस खाली. भात गार होतोय."

दादाने बाबांकडे बघितले. बाबा बोट ताटाच्या कडेला टेकवून कसली तरी मापे घेत होते. "दार तिच्या अंगाला घेतलं तर चौकट अरुंद बसेल," ते म्हणाले. "पण बसेल."

मावशीने होकार दिला तो अटी घालून. कडी आतून आणि मजबूत. झरोका डोक्याच्या वर. आणि आधी नवी, मग जुनी. नवीत अंघोळ करून बाहेर आल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही.

"पावसाळा डोक्यावर आहे, मावशी," दादा म्हणाला. "आता गिलावाही सुकू दे म्हणाल!"

"ते तुझ्या हातात आहे. लवकर बांध."

बाबा आणि दादा उजाडताच कामाला लागत. डॉक्टरीण वाळू चाळत होती, माल कालवत होती. वहिनी विटा भिजवून देई आणि आई खुर्चीवरून ओळंबा बघे. "डावीकडे झुकलीय," ती म्हणे, आणि बहुतेक वेळा भिंत सरळच असे. दादा मावशीच्या कडीसाठी तीनदा दुकानात गेला, कारण मावशीने दोन कड्या हाताने वाकवून दाखवल्या.

न्हाणी झाली, आणि तिच्या पलीकडे उरलेल्या पट्टीत आईसाठी एक अरुंद ओटाही. मावशी टॉवेल, बादली घेऊन आत गेली आणि कडी लागल्याचा आवाज आला. बाहेर मिस्त्री, दादा, डॉक्टरीण घण आणि पहारी घेऊन उभे. आत पाणी पडत राहिले. मावशीने घाई केली नाही.

ओले केस घेऊन ती बाहेर आली. "पाणी जरा कोपऱ्यात साठतंय," ती मिस्त्रींना म्हणाली. मग जुन्या न्हाणीपाशी गेली, दादाच्या हातातून घण घेतला आणि तिला पेलवेल तितका उचलून दारावर घातला.

*

मावशीची न्हाणी पडलेली बघायला सगळी गल्ली मागच्या बाजूने आली होती. दुसऱ्या दिवशी जिन्यावाल्याने मिस्त्रींना बोलावून खांब कुठे घ्यायचे विचारले. खुराडे हलले. टाकी हलवताना ती फुटली आणि त्यावरून नवराबायकोत भांडण झाले, ते सगळ्यांनी काम थांबवून ऐकले. शेवटी दुकानदार काकांनी आपली पत्र्याची पडवी सोडवली. कुणाला काही सांगितले नाही; सकाळी बघितले तर ती नव्हती.

दादाने ओळखीच्या ड्रायव्हरकडून पाण्याचा टँकर मागून आणला. तो वरच्या इमारतींच्या बांधकामावर जायचा.

"पाऊस पडून कळण्यापेक्षा आजच कळू दे," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. मग कुणी कुणाला नावं ठेवायची ते ठरवू."

टँकरचे तोंड बोळाच्या वरच्या टोकाला लावले. घराघरांच्या मागे माणसे उभी राहिली. डॉक्टरीण आपल्या घरामागे उभी होती, बाबा शेजारी. वरून हाक आली, मग पाण्याचा आवाज.

पाणी आधी दिसले नाही, नुसता वाळका पाला आणि फेस सरकत आला. मग तपकिरी, जाडसर धार. जिन्याच्या खांबांमधून ती आली, खुराड्याच्या जुन्या जागेवरून आली, माणसे तिच्याबरोबर चालत खाली येऊ लागली. मिस्त्रींच्या घरामागे ती पोचली आणि पसरली. पुढे जाईना. फेस गोल गोल फिरू लागला आणि पाणी चढत चढत आईच्या नव्या, अरुंद ओट्याच्या भिंतीकडे यायला लागले.

"तुंबलं!" कुणीतरी म्हणाले. "मिस्त्रींच्याच दारात तुंबलं!"

"तळं झालं, तळं," दुसरा म्हणाला, आणि काही जण हसले.

डॉक्टरीण पाण्यात उतरली. पायांनी चाचपत गेली. गाळाखाली काहीतरी कठीण, सरळ रेषेत, बोळाच्या आडवे होते. तिने वाकून हात घातला. दगड आणि चुनखडीसारखा घट्ट माल. भिंत पाडली होती ती जमिनीबरोबर. खाली जुना पाया तसाच होता, आणि वरून माती ओढलेली. बोळातल्या बाकी सगळ्या अडथळ्यांच्या जागा पाडून झाल्यावर तिने पुन्हा नळीने मोजल्या होत्या. आपल्या घरामागे नळी लावली नव्हती. तिथे बाबांनी काम केले होते.

तिने मान वर केली. बाबा तिच्याकडे बघत होते.

"पाया खाली आहे म्हटलं," ते हळू म्हणाले. "जमिनीच्या बरोबर. म्हटलं, असू दे तेवढा."

तिने काठावरून पहार ओढली, पाण्यात पाय रोवले आणि मारली. पाणी तोंडावर उडाले. पुन्हा मारली. पहार घसरली.

"असं नाही," बाबा म्हणाले. त्यांनी चपला काढल्या आणि पाण्यात उतरले. "दगड फोडू नको, दरज शोध. इथे. मीच भरलीय ती." त्यांनी तिचा हात धरून पहारीचे टोक दोन दगडांच्या मध्ये टेकवले आणि स्वतः मागून धरली. "आता दोघांनी."

दगड बसल्या जागी कुरकुरला. दादा उतरला, मग वरच्या अंगाचा जिन्यावाला. आई खुर्चीवरून ओरडत होती की पायावर पडेल, बाजूला व्हा. पहिला दगड सुटला आणि पाणी त्या खाचेत घुसले, गढूळ, आवाज करत. दुसरा पाण्यानेच सैल केला. घोट्याभोवतीचे पाणी ओढ घ्यायला लागले.

खालून मशीनमावशीचा आवाज आला. "आलं! आलं, इथवर आलं! गेलं बघा, नाल्यात गेलं!"

माणसे खाली धावली. बाबा धावले नाहीत. ते वाकून उरलेल्या पायावर हात फिरवत होते, दगड दगड चाचपत. चिखल कोपरापर्यंत लागला होता. मग त्यांनी कंबर सरळ केली.

"टँकर संपला का?" त्यांनी दादाला विचारले.

"रिकामा झाला. पण गेलं ना पाणी, बाबा! सगळ्यांनी बघितलं."

"अर्धा पाया अजून आहे," बाबा म्हणाले आणि पहार पुन्हा दरजेत घातली. "हा निघेपर्यंत दुसरा आण."